मागीलप्रमाणे

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय? पत्र्याच्या ढिगाला टेकून उभी आहे ना, चारही चाकं नसलेली, नाक चेपलेली, ती मी. माझा रंग राखाडी होता. आता कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा.

भंगाराच्या या आवारात सगळ्या गाड्या आपापली कर्मकहाणी सांगत असतात. शेजारच्या रुग्णवाहिकेला वाटतं, तिच्याइतकं कोणी पाहिलेलंच नाही. मी तिला बोलू देते. माझ्या गोष्टीत रक्त नाही, म्हणून ती कोणी ऐकून घेत नाही. माझ्या गोष्टीत फक्त एक विम्याचा फॉर्म आहे. तुम्हाला वेळ असेल तर ऐका. मला फारसा उरलेला नाही.

माझा पहिला आणि शेवटचा मालक दातांच्या कवळ्या करायचा. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा आपल्या खोलीत बसून त्यावर नकली दात बसवून द्यायचा. हाताला कसब होतं आणि जिभेला हाड नव्हतं. कवळी हरवली की गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "मागच्यासारखीच करा." हे शब्द त्याला इतके आवडले की ते त्याच्या तोंडातच बसले. केस कापायला गेला की मागच्यासारखेच. शर्ट शिवायला टाकला की मागच्यासारखाच.

बायको मुलं लहान असतानाच वारली होती. मुलं दोन, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. थोरली बापाच्या हाताखाली शिकली आणि बापापेक्षा बरी निघाली, हा तिचा गुन्हा. एका बाईंना बापानं केलेली कवळी टोचत होती. त्या तीनदा परत आल्या आणि तिन्ही वेळा त्यानं सांगितलं, "कवळी बरोबर आहे, तुमचं तोंड चुकतंय." चौथ्यांदा तो घरी नव्हता. थोरलीनं नवी करून दिली आणि ती चपखल बसली. डॉक्टरांनी हे दहा माणसांत सांगितलं, आणि पुढची कामं थोरलीच्या नावानं धाडली. त्या संध्याकाळी बापानं तिची हत्यारं एका पिशवीत भरून दाराबाहेर ठेवली. हे सगळं मी यायच्या आधीचं. मला ते नंतर कळलं. गाडीत बसलं की माणसं काहीही बोलतात.

मुलगी गेली आणि दोन महिन्यांत मी आले. तिच्यावाचून आपलं काही अडत नाही हे त्याला गल्लीला दाखवायचं होतं, असा माझा कयास आहे. माझ्याच बॉनेटवर कागद पसरून विम्याच्या एजंटनं फॉर्म भरायला घेतला. हा एजंट त्याच गल्लीतला.

"वारस म्हणून कोणाचं नाव लिहू?"

"मुलाचं."

"इतर अपत्ये?"

"नाहीत."

एजंटचं पेन हवेतच राहिलं. "अहो, पण तुमची मुलगी..."

"नाहीत म्हटलं ना. आण इकडे, मीच लिहितो."

आणि त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाहीत'. इतकं दाबून लिहिलं की माझ्या कोऱ्या रंगाला कागदाखालून ते जाणवलं. धाकटा बाजूलाच उभा होता, एकोणीस वर्षांचा घोडा. त्याला हसू आवरेना.

"म्हणजे मी एकुलता एक! मग गाडी पण माझीच."

बाप त्याला रागावला नाही.

पुढच्या आठ वर्षांत धाकट्यानं माझ्यावर गाडी शिकून घेतली, माझे दोन्ही आरसे फोडले, आणि दूरच्या शहरात नोकरी लागल्यावर मागे वळूनही पाहिलं नाही. म्हातारा एकटा पडला. मग त्याचे हात कापायला लागले. मग मूत्रपिंडं गेली. आणि मग, देव आहे असं मला त्या दिवशी वाटलं, त्याचे स्वतःचेच दात पडले. कापऱ्या हातांनी तो स्वतःची कवळी करायला बसायचा आणि साचे फोडून उठायचा. मी अंगणात उभी राहून खिडकीतून बघायचे. मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू?

धाकट्याला त्यानं फोन केला, तो माझ्यात बसून, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जायला नको. पलीकडून उत्तर आलं, "बाबा, मी येऊन काय करणार आहे? एखादा माणूस ठेवा ना."

शेवटी एजंटनंच थोरलीला कळवलं असणार. एका सकाळी ती आली. आठ वर्षांनी बापलेक समोरासमोर उभे, आणि ती म्हणाली काय, तर "तोंड उघडा." त्यानं उघडलं. तिनं माप घेतलं, आठवड्यानं कवळी आणून दिली, आणि त्याच दिवशी माझी किल्ली खुंटीवरून काढून त्याला डायलिसिसला घेऊन गेली. माफी कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारा एकटाच माझ्यात येऊन बसला, आरशात बघून दातांवर दात वाजवले आणि मला म्हणाला, "नीट बसलीय." तिला मात्र त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. मला सांगून काय उपयोग होता?

मग सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी आणि ते दोघं. तो आत यंत्राला जोडलेला असायचा तेव्हा ती बाहेर माझ्यातच बसून काम करायची. मांडीवर डबा, डब्यात दात, आणि डॅशबोर्डवर मेणाचा तुकडा. एकेक दात मेणात बसवायची, लांब धरून बघायची, परत काढायची. येताना म्हातारा पार गळून गेलेला असे, तरी ती दातांची ओळ हातात घेऊन बारकाईनं बघे.

"हा सुळा वाकडाय."

ती पुढच्या सिग्नलला तो सरळ करायची. या दोघांचं प्रेम म्हणायचं ते एवढंच, आणि ते मी पाहिलंय.

दरवर्षी विम्याचा फॉर्म यायचा. त्याचे हात कापायचे, म्हणून तीच भरायची, माझ्या स्टिअरिंगवर टेकवून. नाव, पत्ता, गाडीचा वापर, वारस, इतर अपत्ये. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "बाबा, यात काही बदलायचंय?"

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक भिंत होती.

"मागच्यासारखंच," तो म्हणाला.

तिनं प्रत्येक रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'मागीलप्रमाणे'. तिला वाटलं असेल, मागे दोघांचीही नावं असतील. ती फॉर्म द्यायला उतरली तेव्हा तो माझ्याशी बोलला, "बदलायचं म्हटलं तर जुना कागद काढतील. तिनं तो पाहिला तर येणार नाही परत." त्याला मुलगी जाईल याची भीती होती की ड्रायव्हर जाईल याची, हे मला आजही सांगता येत नाही. मी दोन्ही ऐकलं त्या आवाजात. म्हणून दुसऱ्या वर्षी मागीलप्रमाणे, तिसऱ्या वर्षी मागीलप्रमाणे. सहा वर्षं.

फक्त एकदा त्याला हिंमत झाली होती. शेवटच्या वर्षी. एजंटला खिडकीशी बोलावून त्यानं गुपचूप एक कोरा फॉर्म मागून घेतला. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून समोर वर पट्टी असते ना, तिच्यामागे तो पंधरा दिवस दडवला. मग एक दिवस ती औषधाच्या दुकानात गेल्यावर त्यानं तो काढला, गुडघ्यावर ठेवला आणि 'इतर अपत्ये' या रकान्यात लिहायला लागला. एकेक अक्षराला श्वास लागत होता. 'मुलगी. थोरली.' एवढं लिहून झालं. पुढे तिचं नाव लिहायचं, तर समोरून ती आलीच, औषधांची पिशवी हलवत.

म्हातारा घाबरला. चोरून खाताना पकडलेल्या पोरासारखा घाबरला. फॉर्म चुरगळला आणि खिडकीबाहेर फेकून दिला.

"बाबा! रस्त्यावर कागद काय टाकताय? लोक काय म्हणतील?" ती चिडली. वाकली, तो बोळा उचलला, चार पावलं चालत जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात झटकत परत आली.

म्हातारा डब्याकडे बघत राहिला. "पुढच्या वर्षी," असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "काय पुढच्या वर्षी?" तो म्हणाला, "काही नाही. गाडी काढ."

पुढचं वर्ष त्याला मिळालं नाही. डायलिसिसहून परतताना चौकात लाल दिवा लागला. तिनं सवयीनं मेणाची ओळ त्याच्यासमोर धरली. "बघा, सुळा सरळ केला." उत्तर नाही. "बाबा, बघा तरी." दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ती काच खाली करून ओरडली, "थांबा हो, बघतायत ते!" मला आधीच कळलं होतं. सीटवर जिवंत माणसाचं वजन वेगळं असतं.

त्यानंतर मी महिनाभर अंगणात उभी होते. ती मेणाची ओळ डॅशबोर्डवर तशीच. थोरली रोज यायची, माझी काच पुसायची, बापाच्या सीटला हात लावायची नाही. तो पाठ जितकी मागे टेकवून बसायचा तितकीच ती सीट मागे कललेली होती. मग शेजारच्या घराच्या पायासाठी खणताना मधली भिंत ढासळली आणि माझ्या तोंडावर आली. बॉनेट गेलं, बॅटरी फुटली, रेडिएटरचा चुरा झाला. आत मात्र एक काचही तडकली नाही. थोरलीनं विटा हातानं बाजूला केल्या आणि विमा कंपनीला कळवलं.

मेलेल्या माणसाच्या गाडीचा विमा म्हणजे मोठी गंमत असते. गाडी आहे, विमा आहे, हप्ता वेळेवर भरलाय, फक्त मालक नाही. मृत्यूचा दाखला आणा. वारसांची ओळख आणा. मालकाची सही आणा, असंही एकानं फोनवर सांगितलं. ती प्रत्येक कागद आणत गेली. शेवटी कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आला, आणि त्याच दिवशी दोन दिवसांची रजा काढून धाकटाही उगवला.

सर्व्हेअर वाईट माणूस नव्हता. त्यानं फोटो काढले, माझ्या खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय. टोटल लॉस धरावा लागेल. गाडी भंगारात जाईल."

"मला भंगारात नाही द्यायची," थोरली म्हणाली. "मी दुरुस्त करून घेते. जो काय खर्च असेल तो माझा."

"तसंही होतं. मोडकी गाडी वारस ठेवून घेऊ शकतात. तिच्या भंगाराची किंमत आम्ही क्लेममधून वजा करतो. फक्त वारसांची सही लागते."

"मी करते ना सही."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, सुटले. सर्व्हेअरनं फाईल उघडून माझ्या टपावर ठेवली.

"काय झालंय, दरवर्षीच्या फॉर्मवर सगळीकडे 'मागीलप्रमाणे' लिहिलंय. म्हणून मी पहिलाच फॉर्म काढून आणला." त्यानं बोट ठेवलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, "वारस, मुलगा. इतर अपत्ये, नाहीत." मग वर बघून अगदी सरळपणे विचारलं, "मग तुम्ही कोण?"

थोरलीनं कागद ओढून घेतला. बराच वेळ त्या एका शब्दावर अंगठा फिरवला. कागदाला अजून खळगा होता, इतकं दाबून लिहिलेलं.

"बाबांचंच अक्षर आहे," ती म्हणाली.

"आणि हे शेवटचे सहा? हे वेगळं अक्षर आहे."

"माझं."

"म्हणजे बाई, तुम्हीच सहा वर्षं लिहून देताय की मुलगी नाही."

टोमणा नव्हता तो. त्याला दिसलं ते तो बोलला. पण मी विटांखाली सापडले तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

धाकट्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. फार मऊ आवाज काढता येतो त्याला. "ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस गं. रागाच्या भरात लिहिलं असेल त्यांनी." मग म्हणाला, "पण सहा वर्षं होती ना त्यांच्याकडे. तुझ्या शेजारीच तर बसायचे. बदलायचं असतं तर बदललं नसतं का?"

हा मुलगा त्या दिवशी माझ्या बॉनेटपाशी उभा राहून हसला होता. त्याला सगळं माहीत होतं, चौदा वर्षं माहीत होतं. आणि माझ्या किमतीतून त्याला मिळणार काय होतं? त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढंही नाही. त्याला फक्त लवकर निघायचं होतं.

सर्व्हेअर घड्याळ बघत म्हणाला, "तुम्ही हरकत घेऊ शकता. वारस दाखला काढा. मुलगी असल्याचं सिद्ध केलं की झालं. आम्ही क्लेम थांबवून ठेवू."

"सिद्ध?" ती म्हणाली.

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला एकदा, फक्त एकदा, हॉर्न वाजवता आला असता तर! बॅटरी फुटलेली, तारा तुटलेल्या. डब्यातला बोळा, अगं, तू उचललास तो बोळा! मी आतल्या आत किंचाळत होते आणि टपावरचा कागद साधा हललाही नाही.

"थांबवू नका," थोरली म्हणाली. "मला हरकत नाही. कुठे सही करायची?"

सर्व्हेअरनं 'ना हरकत'चा कागद पुढे केला. तिनं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'मृताशी नाते' या रकान्यावर पेन थांबलं.

"रिकामं नाही ठेवता येत," सर्व्हेअर म्हणाला.

तिनं लिहिलं. तेच सुबक अक्षर, काना मात्रा सगळं जागच्या जागी. 'मागीलप्रमाणे.'

धाकट्यानं मान वाकडी करून वाचलं. "हे चालेल का?"

सर्व्हेअरनं एक नजर टाकली आणि शिक्का मारला. "चालेल. मागचा फॉर्म आहेच आमच्याकडे."

तिनं किल्ली माझ्या टपावर ठेवली आणि फाटक लावून निघून गेली. धाकट्यानं मग माझ्यातून काय काय निघतं ते पाहिलं. गाणी लावायचं यंत्र काढून घेतलं. डॅशबोर्डवरची मेणाची ओळ दिसली तशी, "ई, हे काय!" म्हणून बाहेर भिरकावली. जाताना त्याचा बूट तिच्यावर पडला. सरळ केलेला सुळा मेणातून निघून मातीत गेला, तो तिथेच असेल.

आता मी इथे आहे. चाकं गेली, इंजिन गेलं, दारं उद्यापर्यंत जातील. परवा दाबाच्या यंत्रात माझा नंबर आहे. भंगारवाला तसा सभ्य आहे, आधी सांगून ठेवतो.

काल ती आली होती. भंगारवाल्यानं विचारलं, "कुठला पार्ट हवाय?" ती म्हणाली, "पार्ट नको, बसायचंय जरा." तो खांदे उडवून गेला. ती माझ्यात बसली, पण स्टिअरिंगसमोर नाही. बापाच्या सीटवर. सहा वर्षांत पहिल्यांदा. मागे टेकून तो बघायचा तिकडे बघत राहिली, आणि मग मला विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"

होतं. सगळं माहीत होतं. ती तासभर बसली आणि मी तासभर गप्प होते. उतरताना तिनं एक गोष्ट केली. तो सीटचा दांडा ओढला आणि बापाची कललेली पाठ खटकन सरळ करून टाकली.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आज ना उद्या तुमचे सगळ्यांचे दात पडणारच आहेत. एखादा दुखून पडेल, एखादा गुमान. तेव्हा कवळी करायला तुम्ही तिच्याकडे जाल, कारण या गावात तिच्याइतकी नीट कोणाची बसत नाही. ती म्हणेल, "तोंड उघडा." माप घ्यायच्या आधी, तोंडात तिचा हात जायच्या आधी, तेवढं सांगा. औषधाच्या दुकानासमोर तिनं एक कागदाचा बोळा उचलून डब्यात टाकला होता. त्यावर तिच्या बापानं लिहिलं होतं, 'मुलगी. थोरली.' त्याला भीती मुलगी जाण्याची होती की ड्रायव्हर जाण्याची, असं तिनं विचारलं, तर मी दोन्ही ऐकलं ते मात्र सांगू नका.